जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपला सस्पेन्शन लिफ्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस भारतात २०१६ साली आली. पहिल्या काही वर्षांतल्या गाड्या आता दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या अंगणात उभ्या आहेत आणि आमच्याकडे येणारे बहुतेक प्रश्न याच मालकांचे असतात, म्हणून खालची उदाहरणे मुख्यतः त्या गाडीची आहेत. २०२२ मध्ये आलेल्या टोयोटा हायलक्सची मांडणीही पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन आर्मवर स्वतंत्रपणे बसवलेले) व कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंग) अशीच असल्याने बरीचशी उत्तरे तिलाही लागू पडतात. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, कारण एका उत्तरातून दुसऱ्याकडे वारंवार जावे लागते.

१. सस्पेन्शन लिफ्ट म्हणजे नेमके काय? बॉडी लिफ्टपेक्षा ती वेगळी कशी?

सस्पेन्शन लिफ्टमध्ये स्प्रिंग, पाटे, शॉकअब्सॉर्बर किंवा त्यांच्या बैठकी बदलून चाके आणि चासी यांच्यातले अंतर वाढवले जाते, त्यामुळे चासी आणि तिच्यावरचे सर्व काही उंचावते. बॉडी लिफ्टमध्ये चासी जागच्या जागी राहते आणि तिच्यावर ठोकळे ठेवून फक्त केबिन व हौदा वर उचलला जातो. बॉडी लिफ्टने मोठ्या टायरला जागा मिळते, पण दगडावर घासणारी चासी होती तिथेच राहते. या पानावर फक्त पहिल्या प्रकाराचा विचार केला आहे.

२. ५० मिमी लिफ्ट केली, तर गाडीच्या पोटाखाली सगळीकडे ५० मिमी जागा वाढते का?

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत जास्त आढळतो. या गाड्यांचा मागचा एक्सल अखंड असतो आणि डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा त्या एक्सलमध्येच असल्याने तो चाकांबरोबर राहतो. पाटे कितीही उंच केले, तरी त्या गोळ्याखालची जागा एक मिलिमीटरनेही वाढत नाही. ती केवळ मोठ्या व्यासाच्या टायरने वाढते, तीही व्यासातल्या फरकाच्या निम्मीच. पुढचा डिफरन्शियल मात्र चासीला बांधलेला असल्यामुळे तो उंचावतो. प्रत्यक्ष फायदा होतो तो डिझेलची टाकी, बाजूच्या पायऱ्या, बंपरची खालची कड आणि गाडीच्या मध्यभागाला. जांभ्याच्या पायवाटेवर किंवा ओढ्याच्या काठावर गाडी पोटावर टेकते ती याच ठिकाणी, त्यामुळे हा फायदा कमी लेखण्यासारखा नाही. तुमची गाडी मात्र नेहमी मागच्या गोळ्यावर घासत असेल, तर आधी प्रश्न १२ वाचावा.

३. गाडी नुकतीच सेकंडहँड घेतली आहे. लिफ्ट किटची मागणी नोंदवण्याआधी काय तपासावे?

आधी मोजपट्टी घ्यावी. गाडी सपाट फरशीवर, टायरमध्ये योग्य हवा भरून आणि हौदा रिकामा करून उभी करावी, पुढे-मागे थोडी ढकलून सस्पेन्शन मोकळे होऊ द्यावे आणि चारही चाकांच्या केंद्रापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर मोजून लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजल्यास टायरची झीज आणि हवा यांचा गोंधळ होतो, म्हणून केंद्रापासूनच मोजावे. त्याच मॉडेलची कमी चाललेली एखादी गाडी मिळाली, तर तिचीही मापे घ्यावीत.

या मोजणीतून बहुधा असे दिसते की गाडी मूळ उंचीपेक्षा बरीच खाली बसलेली आहे. आमच्या मते जुन्या पिकअपमध्ये मालकाला हव्या असलेल्या ‘लिफ्ट’चा मोठा भाग ही हरवलेली मूळ उंचीच असते आणि ती परत मिळवणे ही साधी दुरुस्ती आहे. आम्ही पाहिलेल्या कोकणातल्या एका २०१७ च्या गाडीत मागची डावी बाजू उजवीपेक्षा १८ मिमी खाली होती. मालकाला दोन्ही बाजूंना ठोकळे घालून हवे होते. पाट्यांवर थापलेला वाळका चिखल स्क्रूड्रायव्हरने खरवडला तेव्हा तिसरा पाटा क्लिपच्या आतल्या बाजूला आडवा तुटलेला निघाला. तुटीच्या कडा गंजून तांबूस झाल्या होत्या, म्हणजे तो बरेच महिने तसाच चालत होता. पाट्यांचा नवा संच मूळ मापाचा बसवला आणि ठोकळ्यांचा विषय तिथेच संपला.

उंचीखेरीज कंट्रोल आर्मचे (चाक चासीला जोडणाऱ्या आर्मचे) बुश म्हणजे जोडातली रबरी नळकांडी, बॉल जॉइंट, स्टिअरिंग रॅकची ढिलाई, पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट, पाट्यांच्या शॅकलचे (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) बुश आणि चासीवरचा गंज पाहावा. यांपैकी जे आज थोडे वाजते, ते लिफ्टनंतर जास्त वाजते, कारण प्रत्येक जोडावरचा कोन आणि ताण वाढलेला असतो.

४. नेमकी किती उंची वाढवावी?

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या पिकअपला साधारण ४० ते ५० मिमी ही व्यवहार्य मर्यादा समजावी. त्याचे कारण पुढच्या चाकाला शक्ती पोहोचवणाऱ्या शाफ्टमध्ये आहे. डिफरन्शियल चासीबरोबर वर जातो आणि चाक खालीच राहते, त्यामुळे शाफ्ट आडवा न राहता उतरता होतो आणि त्याच्या दोन्ही टोकांचे सीव्ही जॉइंट (कोनात वाकूनही फिरणारे सांधे) सतत वाकलेल्या स्थितीत फिरतात. रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात, बूट फाटतो, ग्रीस बाहेर उडते आणि आत माती शिरते. त्याच वेळी वरचा कंट्रोल आर्म स्प्रिंगला किंवा त्याच्या बैठकीला टेकू लागतो, तर वरचा बॉल जॉइंट आपल्या हालचालीच्या टोकाशी पोहोचतो. चाक पूर्ण लटकलेले, स्टिअरिंग पूर्ण वळवलेले आणि गाडी फोर-लोमध्ये (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये), ही स्थिती सर्वांत घातक असते आणि चढावर अडकलेली गाडी नेमकी याच स्थितीत असते.

यापेक्षा जास्त उंचीसाठी डिफरन्शियल खाली घेणारे ब्रॅकेट, वेगळे कंट्रोल आर्म आणि लांब ब्रेक होस असे सगळेच बदलत जावे लागते. रोज वापरायच्या गाडीसाठी आम्ही तो मार्ग सुचवत नाही.

५. पुढच्या बाजूला स्पेसर स्वस्त पडतो. मग नव्या स्प्रिंगवर खर्च का करायचा?

स्पेसर दोन ठिकाणी बसतो आणि दोन्हींचे परिणाम वेगळे आहेत. पहिला शॉकअब्सॉर्बरच्या माथ्यावर, चासीच्या बैठकीखाली बसतो. त्यात संपूर्ण जोडणीच खाली सरकते, म्हणून गाडीचा बसण्यातला मऊपणा तसाच राहतो, पण चाक आता कंपनीने ठरवलेल्या सीमेच्याही खाली लटकू शकते आणि प्रश्न ४ मध्ये सांगितलेला बॉल जॉइंट व सीव्ही जॉइंटवरचा ताण नेमका तिथे येतो. दुसरा स्प्रिंग आणि तिच्या ताटलीच्या मध्ये बसतो. त्यात शॉकअब्सॉर्बरची कमाल लांबी तीच राहत असल्याने चाक फार खाली जात नाही, परंतु गाडी उभी असतानाच शॉकअब्सॉर्बर जवळजवळ पूर्ण उघडलेला असतो, त्यामुळे खड्ड्यात चाक खाली जाताना ‘ठक्’ असा आवाज येऊन गाडीला हिसका बसतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शॉकअब्सॉर्बर खालच्या आर्मच्या टोकाला नसून मध्यभागाच्या आसपास बसतो, म्हणून २५ मिमी जाडीच्या स्पेसरने चाकापाशी त्याच्या दुपटीच्या जवळपास उंची वाढते. ‘५० मिमीचा स्पेसर’ म्हणजे जाडी की मिळणारी उंची, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. या एका शब्दाच्या घोळामुळे ९० मिमी उचललेली गाडी आम्ही पाहिली आहे.

स्प्रिंग थकलेली असेल, तर स्पेसर घालणे म्हणजे थकलेल्या बैलाच्या खांद्याखाली उशी ठेवण्यासारखे आहे. जुन्या गाडीत योग्य वजनासाठी बनवलेली नवी स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉकअब्सॉर्बर हाच सरळ मार्ग आहे.

६. मागे काय करावे: ठोकळा, लांब शॅकल, जादा पाटा की पूर्ण नवा संच?

ठोकळा एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये बसतो, स्वस्त असतो आणि जेवढा जाड तेवढी उंची देतो. पण एक्सल पाट्यांपासून दूर गेल्याने जोरात वेग घेताना किंवा ब्रेक मारताना एक्सलला पाटे पिळायला मोठी तरफ मिळते. एकावर एक दोन ठोकळे कधीही ठेवू नयेत, आणि पुढे पाटे असलेल्या जुन्या गाड्यांत पुढच्या एक्सलला ठोकळा मुळीच लावू नये.

लांब शॅकलने त्याच्या वाढीव लांबीच्या निम्मीच उंची मिळते, म्हणजे ५० मिमी लांब शॅकल २५ मिमी उंची देते. शिवाय त्यामुळे एक्सल किंचित फिरतो आणि डिफरन्शियलचे तोंड वर-खाली होऊन प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलला शक्ती नेणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडतो. त्यातून येणाऱ्या थरथरीविषयी पुढे प्रश्न ११ मध्ये पाहावे.

जादा पाटा घातल्यास उंची व भारक्षमता दोन्ही वाढतात, मात्र थकलेल्या संचात एकच ताठ पाटा घातल्यास सगळा भार त्याच्यावर येतो आणि रिकामी गाडी गतिरोधकावर उडते. पूर्ण नवा संच महाग असला, तरी लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीसाठी तोच पर्याय आम्ही निवडू. कोणताही पर्याय घेतला, तरी यू बोल्ट (पाटे एक्सलला बांधणारे यू आकाराचे बोल्ट) नवेच लावावेत, कारण एकदा ताणून आवळलेला यू बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही.

७. स्प्रिंग ‘किती किलोची’ घ्यावी?

गाडीवर कायम असणाऱ्या वजनाची घ्यावी, वर्षातून एकदा लडाखला नेणार असलेल्या सामानाची नव्हे. लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारे यंत्र) मिळून पुढे साधारण ९० ते १०० किलोंची भर पडते, हौद्यावरचे छत, ड्रॉवर आणि छतावरचा तंबू यांचे वजन मागे वेगळे. प्रत्यक्ष वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा एक्सल स्वतंत्रपणे चढवून आकडे घेतले, तर विक्रेत्याशी बोलणे सोपे जाते. ‘कायम ३०० किलो’ भारासाठीचे पाटे रिकाम्या गाडीला लावल्यास मागे बसलेली माणसे पहिल्याच घाटात तक्रार करतात.

८. शॉकअब्सॉर्बर चांगले आहेत. तेच ठेवले तर चालेल का?

मूळ उंचीवर परत येत असाल आणि गळती नसेल, तर चालेल. उंची वाढवत असाल, तर नाही, कारण मागचे मूळ शॉकअब्सॉर्बर नव्या उंचीला लांबीत अपुरे पडतात आणि चाक लटकताना स्प्रिंगऐवजी त्यांचेच बुश एक्सलचा भार झेलतात.

९. लिफ्टनंतर स्टिअरिंग हलके झाले आहे आणि द्रुतगती मार्गावर गाडी तरंगल्यासारखी वाटते. हे साहजिक आहे का?

हे वारंवार घडते, पण साहजिक म्हणून सोडून देऊ नये. पुढचा भाग उचलला की कास्टर कमी होतो आणि कास्टर हाच चाकाला वळणानंतर सरळ रेषेत परत आणणारा कोन आहे. केवळ टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) जुळवून दिलेल्या अलाइनमेंटने हा दोष जात नाही. कॅम्बर (समोरून पाहता चाक कलण्याचा कोन) आणि कास्टर यांचे आधीचे व नंतरचे आकडे छापलेला कागद मागून घ्यावा. ज्या गाड्यांत खालच्या कंट्रोल आर्मच्या कॅम बोल्टवर (फिरवल्यावर आर्म किंचित सरकवणाऱ्या बोल्टवर) हे कोन जुळतात, त्यांत तो बोल्ट फिरण्याची मर्यादा संपली आणि कास्टर अजूनही अपुरा असला, तरच बदललेल्या कोनाचे वरचे कंट्रोल आर्म घ्यावेत. प्रत्येक ५० मिमी लिफ्टला ते लागतातच असे नाही.

किनारपट्टीवर वाढलेल्या गाड्यांबाबत एक इशारा: हे कॅम बोल्ट बुशच्या लोखंडी नळीत गंजून एकजीव होतात. कामाच्या आठवडाभर आधीपासून रोज गंज सोडवणारे तेल मारावे आणि नवे बोल्ट व बुश आधीच आणून ठेवावेत. बोल्ट ग्राइंडरने कापावा लागला आणि सुटा भाग हाताशी नसला, तर गाडी दोन आठवडे गॅरेजमध्ये अडकते. आमची अडकली होती.

१०. हे काम घरी करता येईल का?

मागची बाजू अनुभवी माणसाला घरी जमते. पुढची स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते आणि ती निसटल्यास जीवघेणी ठरते. ते काम योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या कारागिराकडेच द्यावे, किंवा स्प्रिंग व शॉकअब्सॉर्बर जोडून तयार आलेला संच घ्यावा. गाडी केवळ जॅकवर ठेवून खाली शिरू नये, चासीखाली भक्कम घोड्या लावाव्यात.

कोणीही काम केले, तरी एक गोष्ट स्वतः उभे राहून पाहावी. कंट्रोल आर्म आणि पाट्यांच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना केवळ हाताने धरतील एवढेच आवळायचे असतात आणि अखेरची आवळणी चाके जमिनीवर टेकून गाडीचे पूर्ण वजन आल्यावर, कंपनीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कप्रमाणे (आवळण्याच्या जोराप्रमाणे) करायची असते. हवेतच आवळल्यास रबर त्याच स्थितीत जखडते, गाडी खाली आल्यावर कायम पिळलेले राहते आणि नवे बुश काही महिन्यांतच फाटतात. आम्हाला आलेल्या ‘किट निकृष्ट निघाले’ अशा तक्रारींपैकी काहींच्या मुळाशी एवढीच चूक होती.

ब्रेक होस, एबीएस सेन्सरच्या तारा आणि मागच्या एक्सलची श्वासनळी (आतली हवा बाहेर सोडणारी नळी) चाक पूर्ण लटकलेल्या स्थितीत ताणली जात नाही, हे हात लावून पाहावे. पहिल्या १०० किमीनंतर आणि पुन्हा ५०० किमीनंतर सर्व बोल्ट, विशेषतः यू बोल्ट, टॉर्क पान्याने तपासावेत. हेडलाइटही त्याच दिवशी खाली जुळवून घ्यावेत.

११. पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना खालून थरथर येते. क्लच गेला का?

बहुधा नाही. लांब पिकअपचा मागचा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मध्ये चासीला बांधलेले सेंटर बेअरिंग असते. मागची उंची वाढली की दोन तुकड्यांमधला कोन बदलतो आणि जोर लागताच क्रॉसच्या जोडावर (युनिव्हर्सल जॉइंटवर) कंपन सुरू होते. सेंटर बेअरिंगचे ब्रॅकेट आणि चासी यांच्या मध्ये काही मिलिमीटरची पट्टी घालून ते खाली घेतल्याने किंवा पाट्यांखाली कोनदार पाचर लावून डिफरन्शियलचे तोंड फिरवल्याने ती जाते. त्याआधी बेअरिंगचे रबर आणि क्रॉस मुळातच झिजलेले नाहीत ना, हे पाहावे, कारण जुन्या गाडीत दोन्ही कारणे एकत्र असू शकतात.

१२. लिफ्टनंतर टायर किती मोठे घालता येतील?

कागदावर गणित करून पाहावे. टायरवरच्या आकड्यांत पहिला रुंदी (मिमी), दुसरा बाजूची उंची (रुंदीच्या टक्क्यांत) आणि तिसरा रिमचा व्यास (इंच) असतो. २५५/६५ आर १७ टायरचा व्यास सुमारे ७६३ मिमी येतो, २६५/७० आर १७ चा सुमारे ८०३ मिमी. म्हणजे मागच्या गोळ्याखाली २० मिमी जागा वाढते. मात्र चाकाचा घेर ५ टक्क्यांनी वाढल्याने स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी ८४ च्या आसपास धावते, किलोमीटरची नोंद तेवढीच कमी होते आणि घाटात गिअर एक पायरी उंच झाल्यासारखा वाटतो. लिफ्टमुळे सरळ उभ्या गाडीत टायरला जागा दिसते, पण सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर चाक पूर्वी जिथे जायचे तिथेच जाते. म्हणून घासणे तपासायचे ते एक चाक उंच दगडावर चढवून आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून.

१३. ब्रेकवर काही परिणाम होतो का?

काही पिकअपच्या मागच्या एक्सलला एका दांडीने जोडलेला भारानुसार चालणारा ब्रेक व्हॉल्व्ह असतो. हौदा भरला की चासी खाली येते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. लिफ्टनंतर चासी कायम वर असल्याने भरलेली गाडीही त्या व्हॉल्व्हला रिकामी वाटते. तुमच्या गाडीत तो असेल, तर दांडीचे ब्रॅकेट वाढलेल्या उंचीएवढे सरकवून घेणे अनिवार्य समजावे.

१४. गाडी उलटण्याचा धोका खरोखर वाढतो का?

वाढतो. समजा चाकांच्या जोडीतले अंतर १५७० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमी उंचीवर आहे. अर्धे अंतर भागिले उंची हा स्थैर्याचा आकडा १.१२ येतो. गुरुत्वमध्य ४५ मिमी वर गेला की तो १.०५ होतो. त्यावर छतावर तंबू आणि पाण्याचे कॅन ठेवले, तर तो आणखी उतरतो. ताम्हिणीच्या वळणांवर पूर्वीच्या वेगाने गाडी घालू नये.

१५. हे कायदेशीर आहे का?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा काटेकोर अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ‘सगळेच करतात’ किंवा ‘किटवर परदेशी प्रमाणपत्र आहे’ हा बचाव होत नाही. थकलेले पाटे बदलून मूळ उंची मिळवणे ही दुरुस्ती आहे आणि आमचा कल तिकडे असण्याचे हेही एक कारण आहे. त्यापलीकडे जायचे असल्यास आधी आपल्या आरटीओकडे लेखी विचारणा करावी. लोखंडी बंपरचा विचार असेल, तर क्रॅश गार्ड व बुल बार यांवर कारवाई करण्याच्या सूचना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना दिल्या होत्या, हेही ध्यानात असू द्यावे.

१६. विमा कंपनीला सांगावे का?

होय, लेखी आणि काम करण्याआधी. न कळवलेला बदल अपघाताच्या पाहणीत आढळला, तर दावा नाकारण्याचे किंवा कमी करण्याचे कारण त्यांना आयते मिळते. विमा कंपनीने होकार दिला, तरी त्यामुळे प्रश्न १५ सुटत नाही.

१७. आधीच लिफ्ट केलेली गाडी विकत घ्यावी का?

बदललेले सुटे भाग, बिले आणि अलाइनमेंटचे कागद मिळत असतील, तर विचार करावा. मूळ स्प्रिंग व पाटे विक्रेत्याने जपून ठेवले असतील, तर ते सौद्यातच मागून घ्यावेत, कारण पुढे कधी मूळ स्थितीत यायचे झाल्यास तेच उपयोगी पडतात. पुढच्या टायरची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा जास्त झिजलेली असेल किंवा सीव्ही बुटाच्या आसपास ग्रीसचे शिंतोडे असतील, तर किंमत त्याप्रमाणे उतरवावी.

१८. माझ्या जुन्या पिकअपमध्ये पुढे टॉर्शन बार (कॉइलऐवजी पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा) आहे. बोल्ट फिरवूनच उंची वाढते ना?

वाढते, मात्र त्याने नवी स्प्रिंग मिळत नाही. बोल्ट आवळल्याने बारचा ताठपणा बदलत नाही, फक्त आर्म खाली ढकलला जातो आणि चाकाची खाली जाण्याची हालचाल तेवढी घटते. बसलेली उंची परत मिळवण्यापुरता हा उपाय योग्य आहे. दोन्ही बोल्टवर खडूने खूण करून किती फेरे दिले ते लिहून ठेवावे आणि त्यानंतर अलाइनमेंट करावी.

१९. सगळे नवे बसवूनही गाडी एका बाजूला १० मिमी झुकते. किट सदोष आहे का?

लगेच तसा निष्कर्ष काढू नये. काही संचांत चालकाच्या बाजूची पुढची स्प्रिंग मुद्दाम किंचित लांब असते आणि बसवताना डावी-उजवी अदलाबदल होते, म्हणून प्रथम स्प्रिंगवरचे क्रमांक संचासोबतच्या कागदाशी ताडून पाहावेत. ते बरोबर असतील, तर सुमारे ५०० किमी चालवून, टाकी अर्धी ठेवून, प्रश्न ३ मधल्या पद्धतीने पुन्हा मोजावे. तरीही फरक राहिला, तर खालच्या बाजूला ५ मिमीची पातळ चकती घालून तो काढता येतो. फरक १५ मिमीच्या वर असेल, तर चकती न घालता चासी सरळ आहे का, हे मोजून घ्यावे, कारण जुन्या गाडीचा अपघात विक्रेता विसरलेला असू शकतो.